मा झेलीची सावड

निसर्गाची खरी काळजी त्यापासून दूर राहणाऱ्या माणसालाच असते, हे आता जगभर मान्य झाले आहे. जो निसर्गात राहतो त्याला गवत उपटायचे असते, उंदीर मारायचे असतात आणि ओल्या लाकडावर चूल पेटवायची असते. म्हणून डॉमिनिका बेटावरच्या मॉर्न ग्री या गावाने निसर्गाचा सांभाळ रीतसर पाहुण्यांकडे सोपवला, यात गावाचा दूरदर्शीपणाच दिसून येतो.

या कामासाठी जबाबदार साहसी निसर्ग-सहल समिती स्थापन झाली. अध्यक्ष क्लेव्हॉन. त्याने पूर्वी केळी लावली, ती वादळाने नेली; पुन्हा लावली, पुन्हा नेली. शेवटी त्याने वाऱ्याने न उडणारे पीक शोधले. समितीने गावातल्या सर्व गोष्टींची छाननी केली. गावाबाहेरची नदी 'साहस, श्रेणी तीन' ठरली. ती ओलांडताना पाहुण्याने डोक्यावर हेल्मेट घालणे, दोर धरणे आणि आपल्या मरणाला कोणी जबाबदार नाही असे लिहून देणे आवश्यक आहे. (शाळेची मुले तीच नदी चपला हातात घेऊन ओलांडतात. ती मुले निसर्गात मोडतात.) वीज जाणे पूर्वी तक्रारीत जमा होई, ते आता 'ताऱ्यांचे दर्शन' झाले. डासांनाही योग्य तो मान मिळाला.

मा झेलीचे वावर 'सहजीवन' या सदरात गेले.

मा झेली (वडीलधाऱ्या बाईला तिकडे 'मा' म्हणतात) ही क्लेव्हॉनची आत्या. साठी उलटलेली, नवरा गेलेला, डोंगरउतारावर डशीनचे वावर. डशीन म्हणजे आपल्या अळकुडीची थोरली बहीण. तिची लावणी एकट्यादुकट्याने उरकत नाही. म्हणून गावात कुदमेंची रीत आहे. आपण जिला सावड म्हणतो तीच. आज तुम्ही माझ्या वावरात, उद्या मी तुमच्या. ज्याचे वावर त्याचे जेवण. वादळात झेलीचे छप्पर गेले, तेही सावडीनेच परत चढले. ती सगळ्यांची सावड फेडून आली, एकाकडे तर अंगात ताप असताना. याचा तिला अभिमान होता, आणि तो असायलाच हवा.

क्लेव्हॉनने एका लावणीला गावकऱ्यांऐवजी पाहुणे बोलावले. आठजण आले. उत्साह शंभर टक्के होता, खड्ड्यांची खोली चाळीस टक्के, आणि कोंब वर ठेवायचा की खाली याबद्दल मते समसमान पडली. (वावराच्या खालच्या अंगाचे डशीन अजून पृथ्वीच्या पोटाकडे वाढत आहे.) मग सगळे नीरफणस आणि खारा मासा जेवले. दोघांना रडू आले. एकाने मातीने आपल्याला स्वीकारल्याचे जाहीर केले. मातीचा अभिप्राय घेण्याची सोय समितीकडे नव्हती. पाहुणे विमानात बसून गेले आणि क्लेव्हॉनने हा प्रयोग यशस्वी म्हणून नोंदवला.

झेलीचा शेजारी जोनास कुंपणावर रेलून हे सगळे बघत होता.

"झेली, आठ जणांची सावड घेतलीस," तो म्हणाला. "फेडायला कधी निघतेस?"

त्याने थट्टाच केली होती. पण झेलीने ती खरी धरली. मॉर्न ग्रीमध्ये सावड घेऊन न फेडणाऱ्याला बुडवा म्हणतात, आणि बुडव्याच्या वावरात कोणी पाय ठेवत नाही. उलटे कोंब उपटून पुन्हा लावायचे होते, आणि त्यासाठी तिने निरोप धाडले तर शेजारी म्हणाले, आधी जुनी फिटू दे. ती तरातरा क्लेव्हॉनकडे गेली.

"आत्ये, त्यांनी पैसे भरलेत की," तो म्हणाला.

"पैसे तुला भरले. हात मला दिले."

"अगं, हात लावायचेच तर पैसे भरलेत त्यांनी."

"काम करणाऱ्यानंच पैसे द्यायचे? हा कुठला रे न्याय?"

जगात आता असेच चालते, असे अध्यक्षांनी समजावले. झेलीने जगाबद्दल जे मत दिले ते समितीच्या माहितीपत्रकात घालता आले नाही. शेवटी तिने त्याच्याकडून आठही जणांना कळवले, की तुमच्याकडे खणायला कधी येऊ? उत्तरे जिव्हाळ्याची आली. एकाकडे बाग म्हणून गॅलरीत एक निवडुंग होता. एकीने मनाने ये असे सुचवले. तिघांनी नुसती हृदये पाठवली. फक्त मार्जोरी नावाच्या बाईंच्या घरामागे खरीखुरी जमीन होती, आणि त्यांनी लिहिले, "या ना एकदा घरी." हे वाक्य जगात बहुतेक ठिकाणी पाहुणा नक्की येणार नाही अशी खात्री झाल्यावरच म्हणतात. मॉर्न ग्रीमध्ये मात्र ते म्हटले की चुलीवर पातेले चढते.

झेलीने चर्चची टोपी घातली, कुदळ पोत्यात गुंडाळली आणि बोटीने शेजारच्या बेटावर, मार्जोरीबाईंच्या देशाच्या कचेरीत व्हिसा मागायला गेली. निसर्ग पाहायला जाते असे सांग, असे क्लेव्हॉनने पढवले होते. पण टोपी चर्चची असल्यामुळे तिला खोटे बोलवेना.

"प्रवासाचा हेतू?" साहेबाने विचारले.

"खणायचंय. अर्धा दिवस."

"अर्धा दिवस दुसऱ्याचं परसू खणायला कोणी समुद्र ओलांडून जातं का, बाई?"

(समितीची आकडेवारी याच्या नेमकी उलट आहे.)

"त्या आल्या होत्या की," झेली म्हणाली.

साहेबाने अर्ज नामंजूर केला. ती परत येईल अशी त्याला खात्री वाटेना. हे तिला फार लागले. अर्धे वावर उलटे पडले असताना आपण परत येणार नाही असे कोणाला वाटूच कसे शकते, हे तिला शेवटपर्यंत समजले नाही. बोटीत ती मान खाली घालून बसली होती.

धक्क्यावर जोनास उभा होता. हकीकत आधीच गावात पोचली होती. त्याने तिच्या हातातली कुदळ घेतली आणि चालू लागला. फेडायला जी समुद्रावर निघाली, तिला बुडवी म्हणता येत नाही, असे गावात ठरले होते. दुसऱ्या दिवशी शेजारी वावरात उतरले आणि त्यांनी बरेचसे कोंब सरळ केले.

'सहजीवन' मात्र बंद झालेले नाही. झेलीने क्लेव्हॉनला फक्त एक अट घालायला लावली: जो तिच्या वावरात कुदळ धरेल, त्याने आपला पत्ता द्यावा आणि तिला अर्धा दिवस काम व पोटभर जेवण देण्याचे कबूल करावे. तेव्हापासून या सदरात एकही नोंदणी नाही. (नदीला तुडुंब गर्दी आहे.)

तेव्हा आपणांपैकी कोणाला जायचे असल्यास जागा आहे. बाग नसली तरी चालेल. झेली झाडू-फरशीसुद्धा करते. जाण्यापूर्वी एवढे मात्र घरी ठरवून ठेवा, की ती कुदळ घेऊन आपल्या सोसायटीत आली, तर पाहुणी म्हणून तिने कोणत्या लिफ्टने वर यायचे, आणि जेवायला तिला कोणते ताट द्यायचे.