सशाचा रस्सा आणि रांगेतला शेवटचा बगळा

मुलांनो, गणितात माझा हात धरणारा आजवर कोणी जन्मला नाही. एक मास्तर सोडून. ते हात धरायचे आणि वर्गाबाहेर नेऊन सोडायचे. त्यामुळे मला सम आणि विषम एवढंच येतं. आजच्या गोष्टीला तेवढं पुरतं. शेजारी आमची द्वारका वाल सोलत बसली आहे. ती मध्ये बोललीच तर लक्ष देऊ नका. मीही देत नाही, असं दाखवतो.

तर एका जंगलात एक मोठं तळं होतं. अलीकडच्या काठावर राजधानी, पलीकडे सिंहाचा उन्हाळी बंगला. त्या साली सिंहाचा घसा बसला. डरकाळी फोडली तर शेजारचे बेडूकसुद्धा विचारायचे, "काय म्हणालात?"

म्हणून हुकूम बगळ्यांकरवी जाऊ लागले. तळ्याच्या मधोमध बगळे रांगेत उभे राहायचे. कुणी एका पायावर, कुणी दोन पायांवर. कुणाचा पाय वर आणि कुणाचा खाली, ते बघून राजधानीतलं कासव हुकूम ओळखायचं.

पण बगळाच तो. मासा दिसला की पाय खाली. एक पाय हलला की हुकूम बदलला. एकदा सिंहानं गादी मागवली, तर सासूबाई आल्या. उन्हाळाभर राहिल्या.

सिंहानं साळिंदराला बोलावलं. ते शहरात राहून आलेलं, म्हणून हुशार.

साळिंदर म्हणालं, "रांगेच्या शेवटी आणखी एक बगळा उभा करा. त्यानं सुरुवातीलाच बाकीच्यांचे वर उचललेले पाय मोजायचे. सम भरले तर आपले दोन्ही पाय खाली ठेवायचे. विषम भरले तर आपलाही एक उचलायचा. मग मान वळवायची नाही. म्हणजे वर उचललेले पाय एकूण समच. राजधानीतून विषम दिसले, की कुणीतरी घोळ घातला."

"कुणी घातला ते कळेल?"

"नाही, महाराज."

"खरा हुकूम काय होता ते?"

"तेही नाही."

"मग कळेल काय?"

"घोळ झालाय, एवढं."

सिंह खूश झाला. "एवढं तर आमच्या मंत्रिमंडळालाही कळत नाही! यापुढे सम पायांचा हुकूम तेवढा खरा. बाकी सगळं खोटं. मी स्वतः तोंडानं बोललो तरी खोटं."

"स्वतःच्या तोंडानं बोलला ना हे?" इति द्वारका. मी लक्ष दिलं नाही.

शेवटचा बगळा दुसऱ्याच दिवसापासून स्वतःला तपासनीससाहेब म्हणवून घेऊ लागला.

अशातच एका सशाला सिंहाच्या खुर्चीत डुलकी लागली. पकडला गेला. शिक्षा ठरली : सूर्य मावळेपर्यंत माफी आली नाही, तर सशाचा रस्सा. अस्वलकाकूंनी चुलीवर पातेलं चढवलं आणि सशाला शेजारी बसवलं.

पलीकडे सिंहाची दाढ दुखत होती. मटण चावणार कोण? त्यानं हुकूम सोडला : ससा सोडा.

बगळे उभे राहिले. तपासनीससाहेबांनी पाय मोजले, आपला ठरवला, मान ताठ केली. तेवढ्यात एका बगळ्याला जांभई आली. पाय खाली.

कासवानं मोजलं. "विषम! परत पाठवा!" आणि कमळाचं पान हलवून दाखवलं.

पुन्हा रांग. या वेळी एकाच्या चोचीवर माशी बसली. पुन्हा विषम. अस्वलकाकूंनी पातेल्यात कांदा टाकला.

"कासवदादा," ससा रडकुंडीला आला, "अहो, ससा सोडा असंच असणार ते!"

"मलाही तसंच वाटतं," कासव म्हणालं. "पण वाटतं आणि आहे, यात एका पायाचा फरक पडतोय."

"काकू, तुम्ही तरी सांगा!"

"मी काय सांगू, बाळा? तू जरा पातेल्याकडे सरक. पळापळ नको मला."

सूर्य झाडाला टेकला. बगळे शेवटच्या खेपेला उभे राहिले. एका पायावरच्या दोघा बगळ्यांच्या बरोबर मधे एक मासा उसळला. दोघांचेही पाय एकदम खाली!

कासवानं मोजलं. पुन्हा मोजलं. चेहरा उजळला.

"सम! हुकूम शुद्ध आहे!"

"काय म्हणतोय?" सशानं डोळे मिटून विचारलं.

"सशाला मुख्य प्रधान करा."

अस्वलकाकूंनी पातेलं उतरवलं आणि हात जोडले. "साहेब, कांद्याचं काय करू?"

सुट्टी संपवून सिंह परतला. घसाही सुटला होता. बघतो तर ससा त्याच खुर्चीत, या वेळी नियमानुसार.

"गाढवांनो! मी सोडा म्हटलं होतं!"

"पाय सम होते, महाराज," कासव म्हणालं.

"माझी मान सरळ होती," तपासनीससाहेब म्हणाले.

"मग आत्ताच्या आत्ता याला उतरवा!"

ससा नम्रपणे उठला. "जरूर, महाराज. पण तोंडी हुकूम चालत नाही. आपलाच नियम. आपण पलीकडे जा आणि बगळ्यांकडून पाठवा. आम्ही पाय मोजतो."

सिंहानं तळ्याकडे पाहिलं. बगळ्यांकडे पाहिलं. त्याला सासूबाई आठवल्या. तो गुपचूप स्टुलावर बसला.

तात्पर्य : एकट्यानं केलेली चूक पकडली जाते. दोघांनी मिळून केली, की ती शुद्ध ठरते. म्हणून मुलांनो, चूक करायला एकट्यानं कधी जाऊ नये.

"तरीच!" द्वारका वाल सोलता सोलता म्हणाली. "मला बघायला आलात, तेव्हा मामंजींना बरोबर घेऊन आला होतात."