मधुभावजींचं सुतक

मी आयुष्यात एकदाच एका राजासाठी रडले, आणि तो राजा होता हे मला रडून झाल्यावर कळलं.

तेव्हा लग्न होऊन मी नुकतीच नाशिकरोडला आले होते. अक्कल लहान आणि गजरा मोठा. शेजारचे मधुभावजी प्रेसमध्ये नोकरीला, एकटे राहायचे. एका सकाळी मी प्रसाद घेऊन गेले तर दाढी वाढलेली, जमिनीवर चटई, चेहरा उतरलेला. "वहिनी, प्रसाद नको. सुतक आहे," एवढंच म्हणाले.

झालं! दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणीनं पिठलं-भात न्यायचा, हे सासूबाईंनी शिकवलेलं. वापरायची संधी पहिल्यांदाच येत होती. पातेलं घेऊन गेले आणि चांगल्या घरची सून शोभावी म्हणून दारातच हंबरडा फोडला. भावजी गडबडले. त्यांनी मला पाणी दिलं. मग पिठलं दोनदा वाढून घेतलं. मी पदरानं नाक पुसत विचारलं, "कोण गेलं हो?"

"युरोपातले एक राजे. गादी कधीच गेली होती बिचाऱ्यांची. परक्या देशात गेले, वहिनी."

मी उरलेलं पिठलं उचलून घरी आले. आमचे हे पुढे महिनाभर मला 'राणीसरकार' म्हणत होते.

तेव्हापासून आजतागायत भावजींनी युरोपातल्या किती मुकुटांचं सुतक धरलं असेल, देव जाणे. तिकडे कोणी गेलं की तीन दिवस देवपूजा बंद, गोड बंद. राजपुत्र जन्मला की कॉलनीत पेढे. लग्न असेल तर इस्त्रीचा कोट घालून टीव्हीसमोर, आणि हातात अक्षता. एकदा त्या खरंच पडद्यावर टाकल्या. नंतर कामवाल्या बाईनं टीव्हीखालचे तांदूळ झाडताना त्या राजघराण्याचा यथेच्छ उद्धार केला.

त्यांचं एक पालुपद आहे: "नातं लागतंच कुठून तरी!" रविवारी मिसळ खाताना कोणी चुकून महायुद्धाचा विषय काढला की संपलं. पाव तसाच राहतो, तर्रीवर साय धरते. "इंग्लंडचा राजा, जर्मनीचा कैसर, रशियाची राणी. तिघं एकाच आजीची नातवंडं, वहिनी!"

"म्हणजे भाऊबंदकीच की," मी म्हणते. "बांध जरा लांब होता, एवढंच."

"भाऊबंद नव्हेत. आते-मामे-मावस!" भावजी दुखावतात. युद्धात माणसं मेली याच्याइतकंच त्यांना मी नातं चुकवलं याचं वाईट वाटतं.

स्वीडनच्या राणीला ते 'आपल्या स्वीडनच्या बाई' म्हणतात. त्यांच्याकडे म्हणे बारशाचा झगा शंभरावर वर्षं एकच आहे. ज्या बाळानं घातला त्याचं नाव त्यावर भरतात. मी म्हटलं, "आमच्याकडेही झबलं एकच होतं. तीन पोरांनी घातलं. मग त्याचं फडकं केलं." भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी राजमुकुटात डाळ भिजत घातली होती.

यंदा मला नातू झाला. त्याच संध्याकाळी भावजी दारात आले. आज नळाला पाणी किती वाजता, असं विचारावं तशा आवाजात म्हणाले, "वहिनी, जन्माचं सोयर फक्त घरच्यांनाच असतं ना? शेजाऱ्यांना नाही ना लागत?"

माझी जीभ कसली थांबतेय! "तुम्हाला कसं लागेल? तुमचं सोयर डेन्मार्कला!"

ते हसले. पण ते हसू त्यांना थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखं ढगळ झालं होतं. मी गुपचूप चहा टाकला. अर्धा कप झाल्यावर ते कपाकडे बघत म्हणाले, "मी आश्रमात वाढलो, वहिनी. आडनावसुद्धा तिथल्या व्यवस्थापकांचं. एका बाईंनी मला जुन्या तिकिटांचा अल्बम दिला होता. त्यात सगळे राजेराण्या, आणि प्रत्येक जण दुसऱ्या कोणाचा तरी कोणीतरी. सुतक-सोयर धरायला माणसं लागतात. मला नव्हती. म्हणून लांबची धरली."

मी एकही टोमणा न मारता त्यांचा कप पुन्हा भरला. माझ्या बाबतीत असं सहसा घडत नाही. आमचे हे आतल्या खोलीतून बघायला आले.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणून मी माझ्या लेकीला, केतकीला, गाठलं आणि मनातलं सांगितलं.

"आई, वहिनीला विचारलंस का? बाळ तिचं आहे."

"विचारलं. ती म्हणाली, चार नावं ठेवतोच, पाचव्यानं पाळणा जड होत नाही."

बारशाला भावजी कोट घालून आले आणि पाहुण्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. पुढे या म्हटलं तर "घरच्यांना होऊ दे" म्हणाले. केतकी पाळण्यात वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालत 'कुर्रर्र' केलं. तिनं बाळाच्या कानात एकेक नाव सांगितलं आणि मग मोठ्यानं म्हटलं: देवाचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि हाक मारायचं, अर्णव. पुन्हा वाकली. सरळ झाली, आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "आणि मधुकर."

"हे कुठलं गं मध्येच?" माझ्या जाऊबाईंनी विचारलं.

"आमच्या घराण्यातलं," मी म्हणाले.

भिंतीकडे पाहिलं तर भावजी नव्हते. बाहेर जिन्यात उभे राहून चष्मा पुसत होते, असं कोणीतरी सांगितलं. पाहुणे पांगल्यावर ते परत आले, पाळण्याला हळूच एक झोका दिला, कोटाची बटणं लावली आणि मला म्हणाले:

"वहिनी, तिकडे एक रीत आहे. राजा एकटाच असला तर त्याला कोणी 'पहिला' म्हणत नाही. त्याच्या नावाचा दुसरा यावा लागतो. आज या दुसऱ्यानं मला पहिला केलं."