आधी वर्दळ

आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला आलेल्या नाना करमरकरांनी पहिले दोन दिवस पिशवीतली पक्कडसुद्धा बाहेर काढली नाही. पाण्याच्या पिंपाशेजारी स्टूल टाकून बसले आणि एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारत राहिले. कोण उठून कुणाच्या टेबलाशी गेलं, की एक रेघ.

माणगावात आमचं जमीन मोजणीचं लहानसं खासगी ऑफिस. पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर. नकाशा इकडून तिकडे जायचा तो पेनड्राइव्हमधून, आणि पेनड्राइव्ह नेमका कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेला असायचा. म्हणून साहेबांनी पालीहून नानांना बोलावलं. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले.

"नाना, वायर कधी टाकताय?"

"वायर नंतर. आधी वर्दळ बघू."

ऑफिसातल्या गप्पा बंद पडल्या. म्हातारा साहेबांचा हेर आहे, अशी सगळ्यांची खात्री झाली.

तिसऱ्या दिवशी नानांनी निकाल दिला. "एकाच वायरीवर सगळे टांगले, तर मधे तुटली की सगळेच बसले. गोलात जोडले, तर मंगळागौरीचा फेर. एकीनं हात सोडला की मोडला. प्रत्येकाची प्रत्येकाशी वायर टाकता येते, पण तेवढं प्रेम तुमच्या ऑफिसात नाही."

"मग?"

"मधे एक पेटी. प्रत्येकाची वायर थेट पेटीत. एकाची तुटली तर तो एकटाच बसेल."

"आणि पेटीच बिघडली तर?"

"पेटी आहे साहेब, नातेवाईक नाही. बदलता येते."

पेटी आपल्या केबिनमध्ये असावी, असं साहेबांना वाटत होतं. नाना अडून बसले. पेटी लागेल ती सुलभाताईंच्या कोपऱ्यातच, नाहीतर मी चाललो.

सुलभाताई नकाशांचं कपाट सांभाळायच्या. नकाशे कॉम्प्युटरवर चढले आणि त्यांच्याकडचं काम आटलं. "पुढच्या महिन्यापासून येत नाही," असं त्या मला म्हणूनही गेल्या होत्या. नानांनी त्यांना तासभर शिकवलं: हिरवा दिवा लुकलुकला की ठीक, विझला की वायर सैल.

आठवडाभरात ऑफिसचं चित्र पालटलं. जरा काही अडलं की जो तो कोपऱ्याकडे धावायचा. "सुलभाताई, माझा दिवा आहे का हो?" ताई चष्मा लावून, वायर दाबून सांगायच्या, "आहे. तूच नीट बघ." जाण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मी मोजणीचा माणूस. एक दिवस सहज टेप लावली, तर पेटी साहेबांच्या केबिनमध्ये असती त्यापेक्षा त्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ दुप्पट वायर गेलेली. पुढे एकदा नाना नवा प्रिंटर जोडायला आले. परतताना स्टँडवर चहा घेता घेता मी त्यांना धरलं.

"नाना, पेटी कोपऱ्यातच लावायचं तांत्रिक कारण काय होतं?"

"काही नाही." त्यांनी बशीत चहा ओतला. "दोन दिवसांत त्या बाईंकडे एक माणूस फिरकला नाही. वायर गेली थोडी जास्त."

नाना बशीकडे बघत म्हणाले, "एक्स्चेंजात शेवटची चार वर्षं मी एकटाच होतो. सगळं यंत्रच करायचं. दुपारी डबा उघडला की मी मोठ्यानं म्हणायचो, 'या जेवायला!' सवय मोडू नये म्हणून."

तेवढ्यात पालीची गाडी लागली, आणि नाना चहा तसाच टाकून खिडकीची जागा धरायला धावले.