वरून बघणारे चंपालालशेठ

चंपालालशेठ स्वतःच्या घराच्या धाब्यावर कधी चढले नाहीत. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्यांचे पाय लटपटत, तिसरीवर डोळे मिटत, आणि चौथी पायरी शिडीला असते हे त्यांनी फक्त ऐकलेलं होतं. अशा या माणसाला आयुष्यात एकच नाद होता : सगळं वरून बघायचं.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. नंदुरबार तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावी मी तलाठी होतो, आणि माझ्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून शेठचं दुकान होतं. मीठ, रॉकेल, सुतळी, संक्रांतीला पतंग. वाडवडील मारवाडातून आलेले. भाऊ बायकामुलांसह धुळ्याला गेले आणि दुकान, मागची अंधारी कोठी आणि चंपालालशेठ एवढं मागे राहिलं. लग्न राहून गेलं ते गेलंच. बोलणं मात्र पक्कं अहिराणी. कुठल्याही वादात, मग तो बांधाचा असो की भाजीतल्या मिठाचा, त्यांचा निकाल ठरलेला : "वरथीन दखा, मंग बोला."

आणि ते खरंच वरून बघत. कापडाचा दाराएवढा पतंग, त्याच्या पोटाला बांधलेला जुना डबा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या खटक्याला रबर. ते रबर एका दोऱ्याने ताणून धरलेलं असे आणि दोऱ्याला पेटती उदबत्ती टेकवलेली. पतंग वर जायचा, उदबत्ती जळत यायची, दोरा तुटायचा, खटका पडायचा. एका उड्डाणाला एक फोटो. मग पतंग उतरवा, फिल्म फिरवा, नवी उदबत्ती लावा. देवापुढे जेवढ्या उदबत्त्या जळाल्या नसतील तेवढ्या शेठनी आभाळात जाळल्या.

पहिल्या वर्षी नुसतं आभाळच निघालं. मग उलटा कडुनिंब, अर्धं देऊळ, एक घार. आणि एके दिवशी धुरपताबाईचं धाबं. तिने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. रोज थोडे कमी होत आणि ती कावळ्यांना शिव्या घाली. फोटोत कावळा नव्हता. बिबड्यांच्या मधोमध मांडी ठोकून तिचा नवराच बसला होता. ओले बिबडे कोणाला आवडत नाहीत? पण त्या घरी दोन दिवस चूल धुमसली ती नवऱ्यावर नव्हे, शेठवर. धुरपताबाई दुकानासमोर उभी राहून म्हणाली, "वरथीन देव दखस, तेवढं पुरे शे! हाऊ आनखी दुसरा कोन?"

पतंग उडवताना जवळ कोणी उभं राहिलेलं शेठना चालत नसे. "बाजूले व्हा, दोरी अटकस!" म्हणून ते सगळ्यांना पिटाळत. फोटो तयार झाला की भिंग लावून त्यात दोरीचं खालचं टोक शोधत, तिथल्या बारक्या ठिपक्यापाशी तांबड्या पेन्सिलीने खूण करत आणि समाधानाने म्हणत, "हाऊ मी." प्रत्येक फोटोत ही खूण. मी मनात म्हणायचो, शेठना स्वतःचं भारी कौतुक आहे.

मग एका श्रावणात तापी फुगली. आमचं गाव उंचावर, म्हणून निभावलं. पण नाल्यापलीकडे, नाला नदीला मिळतो तिथल्या बेचक्यात भिलांचा एक पाडा होता. नदीचं पाणी नाल्यात शिरलं आणि पाडा गावापासून तुटला. सकाळी मामलेदारसाहेब आले. अलीकडच्या काठावरून बाभळींच्या फटीतून घरांची एक रांग दिसत होती आणि तिच्यापुढे काही माणसं हात हलवत होती. पाण्याच्या आवाजात त्यांचं बोलणं कळत नव्हतं.

"घरं उभी आहेत. माणसं हात हलवताहेत. म्हणजे ठीक आहेत," साहेब म्हणाले. बुडणारा माणूसही हातच हलवतो, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. साहेबांचीही अडचण होती. ट्रकवर बांधून आणलेली नाव एकच, आणि वरच्या अंगाच्या एका गावाहूनही निरोप आलेला. नाव आधी कुठे घालायची?

तेवढ्यात गोणपाटात गुंडाळलेला पतंग बगलेत मारून शेठ आले. "साहेब, वरथीन दखा, मंग बोला."

"हे कोण?" साहेबांनी मला विचारलं.

"हे आमचे चंपालालशेठ," मी म्हणालो.

वारा नाल्याकडे वाहत होता, पण भुरभुर होती. उदबत्ती पेटेना. शेवटी साहेबांनीच आपली छत्री तिच्यावर धरली. पेटल्याबरोबर शेठ त्यांच्यावरही खेकसले, "साहेब, तुम्हीन बी बाजूले व्हा, दोरी अटकस!" आणि मामलेदार मुकाट्याने चिखलात मागे सरकले. पतंग चार-पाच वेळा पाड्यावर जाऊन आला. मग शेठ फिल्म धुवायला कोठीत शिरले आणि साहेब दुकानात मिठाच्या गोणीवर घड्याळ बघत बसले.

ओली फिल्म उजेडात धरून साहेबांनी भिंग लावलं. एका चौकटीत नुसतं आभाळ. आभाळाचं काही नुकसान झालेलं नव्हतं. दुसरीत मात्र पाडा होता. पुढची रांग उभी होती. तिच्यामागे एकही घर नव्हतं. नदीने मागून पाडा कापत आणला होता, आणि उरलेल्या एवढ्याशा उंचवट्यावर माणसं, बकऱ्या एकमेकांना चिकटून उभ्या होत्या. साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "नाव आधी इथे," ते म्हणाले.

दिवस मावळायच्या आत सगळा पाडा अलीकडे आला. शेवटच्या खेपेत जामसिंग, पाड्याचा कारभारी, खांद्यावर बकरी घेऊन उतरला आणि रात्री घरांची ती पुढची रांगही वाहून गेली. शेठ काठावर उभे होते. दोरीने त्यांचे तळवे सोलले होते, म्हणून मी चहाचा पेला त्यांच्या हातात न देता ओठांनाच लावला.

पुढे पंचनाम्यालाही शेठचे जुने-नवे फोटो कामी आले. गाळाखाली बांध गडप झाले होते. मी माझा कापडी नकाशा आणि शेठचे फोटो शेजारी पसरायचो, चिंच आणि विहीर दोन्हीकडे जुळवायचो, आणि कोणाचं शेत कुठवर गेलं ते सापडायचं. नकाशाच्या काठावर भिंग घेऊन बसायचा मान शेठचा. धुरपताबाई स्वतःच्या शेताचा फोटो बघायला आली तेव्हा बिबडे घेऊन आली.

त्या दिवसांत शेठचे सगळे जुने फोटो मी प्रथमच एकत्र पाहिले. मोकळं माळरान आणि त्यात एकच ठिपका. नदीचं पात्र, एकच ठिपका. पुन्हा पुन्हा, तांबड्या खुणेजवळ एकटाच. ते कौतुक नव्हतं. एवढ्या मोठ्या जगात आपण आहोत ना, हे हा माणूस दर वेळी तपासून बघत होता. मला फार वाईट वाटलं.

संक्रांतीला पाडा नव्या जागी, उंचावर उभा राहिला होता. जामसिंग स्वतः शेठना बोलवायला आला. तिथे शेठ नेहमीसारखे ओरडले, "बाजूले व्हा!" कोणी हललं नाही. जामसिंगने फिरकी हातात घेतली, शेठना खेटून म्हाताऱ्या बसल्या, बाया पोरं कडेवर घेऊन भोवती गोळा झाल्या. दोरी कुठेही अडकली नाही.

दोन दिवसांनी शेठनी मला हाक मारली. डोळ्याला भिंग, हातात तांबडी पेन्सिल. "आप्पा, तुम्हीन दखा बरं. यामा मी कोठे शे?"

मी पाहिलं. बांबूची नवी घरं, अंगणं, आणि दोरीच्या टोकाशी डोक्यांचा नुसता गठ्ठा. "नाही सापडत, शेठ."

"माले बी नही सापडत!" शेठ म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तो फोटो त्यांनी खूण न करताच गल्ल्याच्या वर टांगला. रॉकेल घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते मापटं हातात धरूनच दाखवत, "हाई गर्दी दखी का? यामाच कोठे तरी मी शे."