पंचमीला गिरणी बंद

दत्तरावांच्या ओसरीवर चौदा महिने एक मोटारसायकल सुटी पडली होती. त्याआधी ती गावातल्या आबासाहेबांच्या गोठ्यात होती आणि तिच्या सीटखाली कोंबडी अंडी घालायची. दत्तरावांनी ती उचलून आणली आणि 'आठ दिवसांत नवी करतो' म्हणून पहिल्याच दिवशी शेवटच्या बोल्टापर्यंत खोलली. दत्तराव वालूरच्या शाळेत कारकून. कागदाला कागद लावून फाईल बांधणाऱ्या माणसाला वाटतं, लोखंडही तसंच जुळत असेल.

लोखंड जुळेना. नटबोल्ट मिठाच्या बरणीत सापडू लागले. आई धुरपताबाईंनी देवळीत ठेवलेल्या पिस्टनला एकदा हळदकुंकू वाहिलं. पत्नी कुसुमबाई मात्र काही बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत याचीच दत्तरावांना जास्त भीती वाटे. आषाढ लागला तशा त्या एकदाच बोलल्या. मानवतला माहेरी त्यांनी कार्ड टाकलं होतं: पंचमीला भावाला न्यायला पाठवू नका, यंदा आम्ही गाडीवर येतो.

"कार्ड पोचलं असंल," त्या म्हणाल्या. "आता पंचमीला माझं गाडीवर जानं झालं न्हाई, तर दुसऱ्या दिवशी ह्या गाडीचं भंगारात जानं हाय."

दत्तराव झटून कामाला लागले. पिंजाऱ्याकडून सीटमध्ये सेलूचा अडीच किलो कापूस भरून घेतला. सीट इतकी फुगली की बसणाऱ्याला बैलगाडीतल्या कडब्यावर बसल्यासारखं वाटे. कुसुमबाईंना पाय ठेवायला वखराच्या जुन्या पासेची, म्हणजे लोखंडी पात्याची, रुंद पट्टी बसवली. टाकीला पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिरवा रंग दिला. राहिला सायलेन्सर. जुना गंजून हातात आला होता आणि नवा सेलूलाच काय, परभणीलाही मिळेना. तेव्हा गावात वेल्डिंगचं काम करणारा नागनाथ म्हणाला, काहून हिंडता, मी बनवतो.

नागनाथचा हात चांगला होता, पण धूर बाहेर काढण्याचं काम त्यानं जन्मात एकदाच केलं होतं. किशनरावांच्या पिठाच्या गिरणीचं तेलाचं इंजिन होतं. त्याच्या धुराच्या नळीवर नागनाथनं दहा वर्षांपूर्वी असा एक डबा बसवला होता, की गिरणी सुरू झाली की 'पुक्, पुक्, पुक्' असा आवाज पार शिवारापर्यंत जाई. तो ऐकला की बाया दळणाचे डबे उचलत. घड्याळापेक्षा गावाचा त्या आवाजावर विश्वास होता. नागनाथनं मोटारसायकलीला तोच डबा जरा लहान करून बसवला. त्याला तेवढं एकच येत होतं.

पंचमीला आठ दिवस असताना रविवारी दुपारी दत्तरावांनी किक मारली. सतराव्या किकेला गाडी सुरू झाली. 'पुक्, पुक्, पुक्.' दत्तरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरपताबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दत्तरावांनी ती चांगला अर्धा तास चालू ठेवली, बंद करायला त्यांचं मनच होईना.

तेवढ्यात तिकडे गिरणीसमोर वीसेक बाया जमल्या होत्या. गिरणीला बाहेरून कुलूप आणि आवाज तर चालू. किशनराव कुणा मोठ्या घरचं दळण दार लावून चोरून दळतोय, असं सगळ्यांचं लगेच एकमत झालं. त्या कडी वाजवू लागल्या. किशनराव जेवणावरून उठून उष्ट्या हातानं पळत आले. चावी त्यांच्याच कमरेला होती आणि गिरणी तर कानांनी ऐकू येत होती. कुलूप उघडून त्यांनी आत पाहिलं. इंजिन थंडगार, जात्याची पाळ स्तब्ध. दोन म्हाताऱ्या तिथल्या तिथं हात जोडून माघारी फिरल्या. मग कुणीतरी कान देऊन दिशा धरली, आणि दळणाच्या डब्यांसकट सगळी मिरवणूक दत्तरावांच्या दारात आली.

किशनराव शांत माणूस. चहा घेऊन ते म्हणाले, "गाडी तुमची हाय, हजार बार चालवा. पर माजी गिरनी चालू असंल तवाच चालवा. मंजे लोकाचा घोळ व्हनार न्हाई."

दत्तरावांना हे इतकं वाजवी वाटलं की त्यांनी चार माणसांसमोर शब्द देऊन टाकला. किशनराव गेले. कुसुमबाई कपबश्या उचलायला आल्या.

"अन् पंचमीला गिरनी चालू असती का?"

दत्तराव उभे होते ते खाली बसले. पंचमीला दळायचं नाही, कांडायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्या दिवशी नागाला इजा नको म्हणून शेतात नांगर जात नाही आणि घरात विळीला हात लागत नाही, तिथं गिरणी कशी चालणार? आधी निघावं तर शाळेची सुटी फक्त पंचमीची आणि दुसऱ्या दिवशीच्या करीची, आणि यष्टीनं जावं तर कार्ड पोचलेलं.

नागनाथनं डब्यात काथ्या कोंबून पाहिला. आवाज गेला, पण त्याबरोबर गाडीही गेली. काथ्या काढला तेव्हा दोन्ही परत आले. मग दत्तराव किशनरावांकडे एका दिवसाची सवलत मागायला गेले. किशनरावांनी हात जोडले. "पंचमीला माझ्या गिरनीचा आवाज गावानं ऐकला, तर कोन मला पुन्हा दळन देईल? तुमी सांगा."

तेव्हा एकच मार्ग उरला. पंचमीच्या सकाळी दत्तरावांनी हँडल धरलं, आणि कुसुमबाईंनी हिरव्या नव्या लुगड्याचा पदर खोचून पाठीमागून जोर लावला. शिवेपर्यंत गाडी ढकलत न्यायची, पलीकडे सुरू करायची. पण अडीच किलो कापूस, वखराची पास आणि नागनाथचा डबा यांनी गाडी हत्तीण झाली होती. वाटेत वारुळाला निघालेल्या बाया भेटल्या. त्यांनी आधी हसून घेतलं, आणि मग लाह्यादुधाच्या वाट्या लेकींच्या हातात देऊन सगळ्यांनी हात लावला. दत्तरावांची फटफटी पंचमीची गाणी ऐकत गावाबाहेर पडली.

शिव ओलांडली तशी दत्तरावांनी किक मारली. पाचव्या किकेला सुरू झाली. कुसुमबाई गादीवर बसल्या, पासेवर पाय टेकले, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. दोन्हीकडे कंबरेएवढी ज्वारी, वर पांढरं आभाळ. चौदा महिन्यांत पहिल्यांदा दत्तरावांना वाटलं, सगळं वसूल झालं. वाटेतल्या वस्त्यांवर मात्र माणसं दारात येऊन कानोसा घेत होती आणि कपाळाला आठ्या घालत होती. कुसुमबाई ते बघत होत्या.

मानवत अर्ध्या कोसावर आलं तेव्हा त्यांनी खांदा दाबला.

"थांबवा. आता ढकलत नेऊ."

"आपल्या गावात शब्द दिला होता. हितं काय?"

"हितं माझं म्हायेर हाय. पंचमीला जावई गिरनी घेऊन आला असं मी गल्लीला म्हनू देनार न्हाई."

दारात आई मालनबाई, भाऊ, भावजय, शेजारपाजार, सगळे उभे होते. जावई आणि लेक घामानं निथळत, हिरवी गाडी ढकलत आले. भावानं विचारलं, बिघडली का? दत्तरावांची मान खाली गेली.

"बिघडंल कशाची?" कुसुमबाई म्हणाल्या. "शिवेपस्तोर चालूच होती. पर आज पंचमी हाय. तुमी बैलाला जू लावत न्हाईत, हे शिवेच्या आत यंत्राला किक मारत न्हाईत. लय नेमाचा मानूस हाय."

गल्लीनं दत्तरावांकडे पाहिलं. एका म्हाताऱ्यानं पुढं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मालनबाईंनी जावयाचे पाय स्वतः धुतले. दत्तरावांनी बायकोकडे पाहिलं, तर ती भावजयीच्या लेकराचं नाक पुसत होती. त्या क्षणी दत्तरावांना ती फार आवडली.

पंचमी झाली, दुसऱ्या दिवशी कर झाली. तेव्हाही दळण नाही. तिसऱ्या सकाळी घराघरांतले पिठाचे डबे तळाला गेलेले होते, आणि गल्लीतल्या गिरणीच्या इंजिनालाही कुणीतरी असाच डबा बसवलेला होता. हे दोन्ही कुणाच्या ध्यानात आलं नाही. नेमाच्या जावयाची गाडी सुरू होताना बघायला सगळे जमले. मालनबाई शिदोरी आणायला आत गेल्या. दत्तरावांनी रुबाबात किक मारली, आणि ती पहिल्याच किकेला लागली.

'पुक्, पुक्, पुक्.'

गल्लीच्या मागच्या बाजूची दारं उघडली. एक बाई डोक्यावर डबा घेऊन लगबगीनं गेली, तिच्या मागं दुसरी, मग तिघी. घरातून मालनबाई बाहेर आल्या. एका हातात शिदोरी, डोक्यावर ज्वारीचा डबा. शिदोरी त्यांनी गाडीवर बसलेल्या लेकीच्या मांडीवर टाकली.

"सावकाश जा बाई. गिरनी चालू झाली, मी नंबर लावून येते."

आणि त्या गर्दीतून वाट काढत निघूनही गेल्या. दत्तरावांचा हात गाडी बंद करायला गेला. कुसुमबाईंनी तो वरच्यावर धरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला घट्ट विळखा घातला.

"बंद करू नका. कुलूप बघून आई माघारी यायच्या आत गाव सोडा."