बॅनरवरचा उच्चशिक्षित

मानकोली नाक्यापासून आमच्या गावापर्यंत वाढदिवसाचे माझ्याइतके बॅनर आजवर कोणाचे लागलेले नाहीत. हे मी नाही सांगत, बॅनर छापणारा मनोज सांगतो. पांढरे कपडे, काळा गॉगल, जोडलेले हात आणि वर ठळक अक्षरांत: ‘तरुण, तडफदार, उच्चशिक्षित नेतृत्व हिरामणशेठ यांना सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’ खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यातले अर्धे मला ओळखतही नाहीत, पण गर्दी छान दिसते.

आता वयाचं म्हणाल, तर मी तेव्हा एकतिशी गाठली होती. पण तरुण नेतृत्वाला एकतीस शोभतात का? मनोज म्हणाला, सत्तावीस टाकू? मी म्हटलं, टाक. ‘उच्चशिक्षित’ त्याने आपल्या मनाने टाकलं. दिसायला भारदस्त होतं, म्हणून मी राहू दिलं.

मग सरपंचाची निवडणूक लागली आणि मी उभा राहिलो. समोर सागर. हा माझा लहानपणचा दोस्त, गोदामांना टेम्पो पुरवतो, माणूस गोड, गावभर वट. सरळ लढत झाली असती तर मी पडलो असतो, हे तुम्हाला म्हणून सांगतो. पण माझ्याकडे डोकं होतं! कायदा असा आहे की पंचाण्णव साल उजाडल्यानंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायला सातवी पास लागते. सागर शहाण्णवचा, आणि चौथीनंतर तो शाळेकडे फिरकलाच नव्हता. मी चौऱ्याण्णवच्या डिसेंबरातला. म्हणजे मला अटच नाही!

मी देवळासमोर सभा घेतली आणि माईक हातात घेऊन गरजलो, “ज्याला चार ओळी वाचता येत नाहीत, तो गावाचा कारभार काय हाकणार? उमेदवार शिकलेला पाहिजे!” टाळ्या काय पडल्या म्हणता! पोरांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. मला ते इतकं आवडलं की गावाच्या ग्रुपवर मीच तीनदा टाकलं.

निवडणुकीत आमच्याकडे एक रीत आहे. मुख्य उमेदवाराचा अर्ज काही भानगडीत उडाला तर हाताशी असावा म्हणून घरातल्याच कोणाचा तरी डमी अर्ज भरून ठेवायचा. मी बायकोचा भरला. माझी बायको निशा नारपोलीची, बी.ए. झालेली. तिला सांगितलं, तू फक्त सही कर, छाननी झाली की काढून घेऊ. तिने सही केली.

छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मी सागरवर हरकत घेतली. अधिकारी बाईंनी त्याच्याकडे सातवीचा दाखला मागितला, सागरने मान खाली घातली, अर्ज बाद. मी मिशीवरून हात फिरवतोय तोवर सागर म्हणाला, “मॅडम, आता माझी हरकत घ्या.” आणि त्याने काखेतली भलीमोठी गुंडाळी जमिनीवर सोडली.

माझा बॅनर! नाक्यावरचा, पंधरा फुटी. दरवाज्यापासून मॅडमच्या टेबलापर्यंत मीच पसरलो होतो, गॉगल लावून. लोक माझ्या तोंडावर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटले.

सागरचं म्हणणं साधं होतं. सत्ताविसावा वाढदिवस म्हणजे जन्म पंचाण्णवनंतरचा, म्हणजे यालाही सातवीचा दाखला लागतो. ज्या माणसाने दरवर्षी वय कमी करायला पैसे मोजले, त्याला आता भर कचेरीत आपण म्हातारे असल्याचं सिद्ध करायचं होतं! मी म्हटलं, मॅडम, बॅनर खोटा आहे, मी एकतीस वर्षांचा आहे, केस बघा, कलप आहे हा.

मॅडमना केस नको होते, पुरावा हवा होता. तेवढ्यात मागून निशा पुढे आली. आपल्या अर्जासोबत ती घरातले सगळे कागद व्यवस्थित घेऊन आली होती. तिने माझा जन्मदाखला टेबलावर ठेवला. चौऱ्याण्णव, डिसेंबर! काय बायको आहे माझी! ऊर भरून आला.

मॅडमनी अर्ज वैध ठरवला. जाता जाता म्हणाल्या, शिक्षणाचा रकाना मोकळा सोडलाय, किती ते सांगा, लिहून घेते. मी खालच्या आवाजात म्हटलं, “सहावी.” त्यांना ऐकू गेलं नाही. सागरने मोठ्याने सांगितलं.

निशाच्या बापाला आमच्या राघोमामाने लग्न ठरवताना ‘मुलगा बारावी’ म्हणून सांगितलेलं. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा निशा माझ्याकडेच बघत होती. गाडीत ती एवढंच बोलली, “सहावीचं मला वाईट वाटलं नाही. सांगितलं नाहीत, त्याचं वाटलं.”

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अर्ज तर वाचला होता! माघारीच्या दिवशी मी तिला म्हटलं, चल, तुझा अर्ज काढून येऊ. ती भाकऱ्या थापत होती.

“मी नाही काढणार. तुम्हीच म्हणालात ना, उमेदवार शिकलेला पाहिजे?”

झालं! एका घरात दोन उमेदवार. मला चिन्ह मिळालं कपाट, तिला शिट्टी. सकाळी आमच्या कुकरची शिट्टी वाजली की बाहेर बसलेले माझेच कार्यकर्ते हसायचे. दोघांच्या माणसांना चहा एकाच पातेल्यातला. मी आईला, गुणाबाईला, सांगितलं की तिच्या माणसांना चहा देऊ नको. आई म्हणाली, “घरान दोन उमेदवार हायेत, मी कोनाला न्हाय म्हनू?”

आणि निशाचा प्रचारप्रमुख कोण? सागर! त्याने टेम्पोवर भोंगा बांधला आणि गावभर एकच रेकॉर्डिंग फिरवलं. माझंच! “चार ओळी वाचता येत नाहीत, तो गावाचा कारभार काय हाकणार?” आवाज माझा, टाळ्या माझ्या, मतं तिला. मी त्याला अडवायला गेलो तर म्हणाला, तू तीनदा पाठवलंस, मी एकदाच वाजवतोय.

मी पडलो. सपाटून पडलो. आईने पेढा भरवता भरवता सांगितलं की तिने शिट्टीलाच मत दिलं. माझं मत कोणाला, ते विचारू नका, मतदान गुप्त असतं. पण गुलालात न्हालेली निशा ट्रकवर उभी राहिली तेव्हा सगळ्यात जोरात मीच नाचत होतो, एवढं गावाने बघितलंय. आता मानकोली नाक्यावर कोणी भेटलं की मी आधी सांगतो, सरपंच आमच्या घरातलाच आहे.

परवा तिची पहिली ग्रामसभा झाली. मी पहिल्या रांगेत, छाती काढून. निशाने ठराव वाचला: जन्म कोणत्याही सालचा असो, यापुढे गावात निवडणुकीला उभं राहणाऱ्याने सातवी केलेली असावी, आणि ज्यांची राहिलीय त्यांच्यासाठी पंचायतीत संध्याकाळचा वर्ग चालेल, ती स्वतः शिकवेल. बायको इतकी ठसक्यात बोलली की मला राहवलंच नाही. दोन्ही हात वर करून मी ओरडलो, “अनुमोदन!”

सगळी सभा माझ्याकडे वळून हसायला लागली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

तो ठराव सरकार मानेल की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात मात्र तो लागू झालाय. रोज संध्याकाळी मी सातवीचं गणित घेऊन पंचायतीत बसतो. शेजारी सागर असतो, पाचवीचं पुस्तक उघडून. म्हणजे मनोजने बॅनरवर अगदीच खोटं छापलं नव्हतं. आमच्या बाकावर तरी उच्चशिक्षित मीच आहे.