रजईची पारख

"जावईबापूंना घोंगडं द्यायचं न्हाई म्हंजे न्हाई," चतुराबाईने सकाळीच नवऱ्याला बजावले. "तहसिलीत चपराशी हायेत ते. पयल्या दिवाळीला यायलेत. घोंगडं टोचलं तर लेकीला उभा जलम ऐकावं लागंल. वडवणीत रजयांचं नवं दुकान निघालंय म्हणं. आजच्या आज घिऊन या."

धुळाजीने साठ वर्षांत रजई पाहिली नव्हती. मेंढरे आणि घोंगडे एवढ्यावर त्याचे छान चालले होते. पण प्रश्न लेकीच्या सासरचा होता, आणि चतुराबाईपुढे तर कुठलाच प्रश्न टिकत नसे. रजईच्या बदल्यात द्यायला त्याने कळपातला एक एडका दोरीला बांधला आणि वडवणीची वाट धरली.

दुकान मदारसाब पिंजाऱ्याचे होते. कापूस पिंजून पिंजून त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. धुळाजीने देवळाबाहेर काढाव्यात तशा वहाणा काढल्या आणि आत शिरला. मदारसाबने एक लाल रजई उलगडली.

"हात लावून देखो बाबा. लोणी हाय, लोणी!"

धुळाजीने हात लावला. रजई फारच मऊ निघाली, तिथेच त्याला संशय आला. घोंगडे घेताना चौघांनी चार कोपरे धरून ताणायचे, मधोमध घागरभर पाणी ओतायचे आणि खाली थेंब पडतो का पाहायचे, ही बापाने शिकवलेली पारख. थेंब पडला नाही तर माल खरा.

"मदारसाब, पाणी हाय का?"

तहान लागली असेल म्हणून मदारसाबने अगत्याने भरली घागर पुढे ठेवली आणि तो एडक्याचे दात बघायला बाहेर गेला. धुळाजीने बाजारातल्या चौघांना हाक मारली. पारख करायची म्हटल्यावर चौघेही हातातले टाकून आले.

मदारसाब परतला तेव्हा घागर रिकामी झाली होती आणि पाच डोकी रजईखाली वाकली होती.

"एक थेंब न्हाई!" धुळाजी खूष होऊन म्हणाला. "पक्का माल हाय!"

"या अल्ला! ये क्या किया!" मदारसाब मटकन खाली बसला.

तेवढ्यात रजईखाली चांगली धार लागली. धुळाजीच उलटा त्याच्यावर चिडला. "ही तर गळकी निघाली! गळका माल कावून इकता?"

"अरे कापूस हाय तो! आता रजई तुमची, एडका माझा."

कोपरे धरणाऱ्या चौघांनीही तसाच निवाडा दिला आणि ओझे उचलायला कोणी बोलावण्याआधी चौघे पसार झाले.

धुळाजी रजई डोक्यावर घेऊन निघाला. अभ्यंगस्नानाला अजून दोन दिवस होते, पण त्याची अंघोळ वाटेतच उरकली. घरी येऊन त्याने रजई काट्याच्या कुंपणावर टाकली, तर कुंपणच आडवे झाले. चतुराबाईने कपाळावर हात मारला. ती काही बोलणार, तोच दारात छकडा थांबला.

शेरवानी घातलेला जावई सटवाराव खाली उतरला. मागोमाग लेक साखरा उतरली. धुळाजी रजईपुढे आडवा उभा राहिला, पण पायाखालून पाणी वाहत होते. लेकीच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना.

"जावईबापू, तुमच्यासाठीच आणली हुती," तो कसाबसा म्हणाला. "पर म्या पाणी टाकून बघितलं. चूक झाली. पोरीला बोल लावू नका."

सटवारावचे कान लाल झाले. साखराने तोंडात पदर कोंबला, तिला हसू आवरत नव्हते.

"बा, छकड्यात बघ की!"

छकड्यात एक हिरवी रजई होती आणि फळ्यांतून पाणी गळत होते.

"मामा, तुमाला भेट म्हणून आत्ता येता येता वडवणीत घेतली," सटवाराव खाली मान घालून म्हणाला. "ही म्हणली, बा पाणी टाकल्याबिगर मालाला हात लावत न्हाई. मला तुमची लई धास्ती. म्हणलं, तुमी नाव ठेवण्याआधी आपणच बघून घ्यावं."

धुळाजीच्या जिवात जीव आला. "मंग मदारसाब काय म्हणला?"

"काय न्हाई. घागर त्यानंच भरून दिली. वर कोपरे धरायला चार माणसं बी बोलावली."